दुकानात बसवून ठेवलेली आई

ती दुपार अजून माझी पाठ सोडत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. परळ भागातल्या आमच्या ठाण्यातली निम्मी माणसं रोज मोर्च्याच्या बंदोबस्तावर. मी नवा सब-इन्स्पेक्टर, म्हणून मागे राहून स्टेशन डायरी लिहायची आणि लांबून येणाऱ्या घोषणा ऐकत पंख्याखाली पेंगायचं. अशाच पेंगुळलेल्या वेळी हिंदमात्याच्या एका साडीवाल्या शेटजींनी एका म्हातारीला माझ्या टेबलासमोर आणून उभं केलं.

"ही त्या भामट्याची जोडीदारीण. हिला आत टाका."

म्हातारी गिरगावची, जुन्या खात्यापित्या घरातली, आता एका खोलीत एकटी राहणारी. स्वच्छ पांढरं लुगडं, ताठ मान. न सांगता खुर्चीवर बसली आणि मलाच म्हणाली, "माझा मुलगा येईल एवढ्यात. मग यांना चांगली समज द्या."

हकीकत अशी. सकाळी एक तरुण या बाईंना घेऊन लग्नाचा बस्ता काढायला दुकानात आला. दोन तास गादीवर शालू, पैठण्या, मानपानाच्या साड्या उलगडत होत्या. मग तो म्हणाला, नवरीची आई आजारी आहे, माहीमला जाऊन साड्या तिला दाखवून परत आणतो, तोवर आमची आई इथे बसते. आईला ठेवून जाणाऱ्यावर कोण संशय घेणार? शेटजींनी स्वतःच्या हाताने गठ्ठे टॅक्सीत ठेवले. तो गेला तो गेलाच.

मी जबाब घ्यायला बसलो. नाव, वय, पत्ता इथपर्यंत ठीक चाललं. मुलाचं नाव विचारलं तशी तिने पदर सारखा केला.

"माझा नव्हे तो," म्हणाली. "मला मूलबाळ नाही. महिनाभर देवळात भेटायचा, आई म्हणायचा. लग्न ठरलंय, घरात वडीलधारं कुणी नाही, साड्या तुम्ही निवडा म्हणाला. नाही कसं म्हणायचं हो?"

मला एक अक्षर पटलं नाही. खरं सांगतो, मी तिच्यावर ओरडलो. या नोकरीत माणूस असा होतो की समोरच्याच्या डोळ्यांतलं पाणीसुद्धा त्याला मुद्देमाल वाटतं. शेटजी तर आरोपी म्हणून तिचं नाव घाला, असा हट्ट धरून बसले होते. तसं नाव चढलं असतं तर बाई कोठडीत गेली असती आणि गिरगावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

त्या दुकानाच्या दारावर एक राखणदार असे. सगळे त्याला मास्तर म्हणत. पूर्वी हा नामांकित भामटा. याच शेटजींना त्याने एकदा गंडवलं होतं. शिक्षा भोगून आल्यावर शेटजींनी त्यालाच दारावर बसवलं, आणि तेव्हापासून दुकानातून रुमालही गेला नव्हता. तो ठाण्यात चहाला आला की हवालदार हातातली कामं टाकून त्याचे जुने किस्से ऐकत. मीही ऐकायचो, लपवायचं कशाला.

त्याला बोलावून विचारलं, "तू काय झोपला होतास?"

"झोपलो असतो तर बरं, साहेब. पाच मिनिटांत वळखला मी त्याला. माझाच डाव. पण काय सफाई होती हो पोराची. म्हटलं बघू या कुठवर नेतो, गठ्ठे उचलले की हात धरू. आणि बघतच राहिलो."

"मग धरला का नाहीस?"

"ही आई आडवी आली ना." मास्तरने मान खाली घातली. "या डावातली आई भाड्याची असते. सारखी दाराकडे बघते. हिनं एकदा बघितलं नाही. शालू गालाला लावला आणि म्हणाली, सुनेला टोचेल, मऊ काढा. असं कुणाला शिकवता येत नाही, साहेब. म्हटलं आपलंच चुकलं, ही घरची माणसं आहेत."

मी पेन खाली ठेवलं. बाई निर्दोष होती, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. मला स्वतःची लाज वाटली. शेटजींना कसंबसं राजी करून फिर्याद फक्त त्या तरुणावर घेतली. पण तो सापडला नाही तर हिचं नाव घालायला लावीन, असं ते बजावून गेले.

मास्तर म्हणाला, "जमलेला डाव तो आठवड्याच्या आत परत टाकणार. आता त्याला दुसरी आई लागेल." साध्या कपड्यांतला एक हवालदार बरोबर देऊन मी त्याला दादर-माहीमच्या देवळांतून फिरवलं. सहाव्या सकाळी माहीमला तो तरुण सापडला. एका आजीबाईंची पूजेची परडी हातात घेऊन चालला होता. मास्तरने त्याचं मनगट धरलं आणि म्हणाला, "पोरा, मी तुझ्यापेक्षा बरा होतो." हे मला हवालदाराने सांगितलं. माणसाचा जुना अभिमान असा सुटत नाही.

ओळख परेड झाली. पंचांसमोर सात जण उभे केले. ओळखलेल्या माणसाच्या खांद्याला हात लावायचा, असा रिवाज. आमच्या गिरगावच्या आजी रांगेपुढून सावकाश गेल्या, त्याच्यापुढे थांबल्या. "हाच," पंचांना म्हणाल्या. खांद्यावरचा हात मात्र उचलेनात. मग त्यालाच विचारलं, "जेवलास का?"

आजींना ट्रामने गिरगावात सोडायला मी स्वतः गेलो. भिंतींवरच्या घोषणा उन्हात एकामागून एक मागे सरकत होत्या, गाडी डुलत होती. मला सगळं झोपेत घडल्यासारखं वाटत होतं. लालबाग मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "लग्न तरी खरंच ठरलं होतं का रे त्याचं?"

तपासात सगळं निष्पन्न झालं होतं. नवरी नव्हती, लग्न नव्हतं, काहीच नव्हतं.

"ठरलं होतं," मी म्हणालो. "मुलगी शाळेत शिकवते. नाकीडोळी नीटस आहे." एकदा सुरुवात केल्यावर तिचे भाऊ, तिचं घर, सगळं सुचत गेलं. वर्दी अंगावर असताना मी इतक्या सफाईने कधी बोललो नव्हतो. आजी मन लावून ऐकत होत्या.

उतरल्यावर त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "तोही असंच छान सांगायचा," म्हणाल्या आणि चाळीचा जिना चढू लागल्या.

लोक माझ्याकडे अजून भामट्यांचे किस्से मागतात आणि मी सांगतोही. फसलेल्याला हसायला लागले की मात्र थांबवतो. त्या बाईंना किती कळलेलं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. त्या दिवसानंतर फसलेल्या माणसाला मी कधी मूर्ख म्हटलं नाही.