पुरवैयातल्या हाका

लखनौच्या अलीगंजमधल्या आमच्या घराच्या गच्चीवर त्या हिवाळ्यात रोज सकाळी साडेसहाला आई हातात काठी घेऊन फेऱ्या मारत असे. काठीच्या टोकाला थर्माकोलचं वीतभर विमान डकवलेलं होतं. ते ती वर नेई, उलटं करी, गोल फिरवी, आणि प्रत्येक हालचालीआधी तोंडाने एक शब्द उच्चारी. शेजारच्या गच्चीवरच्या काकूंनी आठवडाभर हे पाहिलं आणि मग कपडे वाळत घालता घालता विचारलंच, "भाभीजी, ये कौन सा योगा है?"

आईने काठी खाली न करता उत्तर दिलं, "हवाई योगा है. बिटिया ने लगाया है."

रेडिओ-रिमोटवर चालणारी छोटी विमानं मी पाच वर्षं उडवत होते. आकृतींची स्पर्धा मात्र निराळी असते. परीक्षकांसमोर ठरलेल्या क्रमाने पंधरा-सोळा आकृती काढाव्या लागतात: लूप म्हणजे उभा गोल, रोल म्हणजे स्वतःभोवती गिरकी, आडवा आठ. मधे थांबता येत नाही, आणि नजर विमानावरून क्षणभरही हलवता येत नाही, त्यामुळे कागद पाहणं अशक्य. म्हणून उडवणाऱ्याच्या मागे, खांद्याजवळ, एक माणूस उभा राहतो आणि पुढची आकृती कोणती ते हाक देऊन सांगतो. ही हाक अर्धा सेकंद लवकर आली तर गोंधळ उडतो, आणि अर्धा सेकंद उशिरा आली तर आकृती चुकीच्या जागी पडते.

दोन वर्षं माझ्या मागे उभा राहणारा, माझ्या संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेतला सहकारी दिवाळीनंतर नोकरीसाठी बंगळुरूला गेला. स्पर्धा मार्चमध्ये होती. पहिले सहा जण देशपातळीच्या फेरीला जाणार होते. उन्हाळ्यात मला प्रबंध सादर करायचा होता आणि त्यानंतर परदेशी संशोधनासाठी अर्ज करायचे होते. हा एकच मोसम माझ्या हाती होता, आणि त्या सहांत येण्याची इच्छा मी कुणापासून लपवलेली नव्हती.

आईने बँकेतून निवृत्ती घेऊन तेव्हा चारच महिने झाले होते. बाबा रेल्वेच्या कामासाठी दुसऱ्या शहरात होते. जेवताना मी सहज म्हटलं की, आता मागे उभं राहायला कुणी नाही. ती म्हणाली, "मी राहते की. वाचूनच दाखवायचंय ना?"

"वाचून नाही गं दाखवायचं. वक़्त पे बोलना पड़ता है."

"तीस वर्षं काउंटरवर टोकन नंबर पुकारलेत मी. तू मला वक़्त शिकवतेस?"

मी लखनौत वाढले. आई-बाबा सांगलीकडची मराठी बोलतात आणि मी बहुतेक वेळा हिंदीत उत्तर देते. हाका मराठीत द्यायच्या हे मात्र मीच ठरवलं, आणि त्यामागे भावनेपेक्षा हिशोब होता. मैदानावर एका वेळी तीन-चार जण हिंदीत बोलत असतात. त्या कल्लोळात मराठी आवाज माझ्या कानाला सर्वांत आधी वेगळा काढता येणार होता.

पहिल्या रविवारी आईने हाक दिली ती अशी: "हां, आता बाळा, सरळ वर जा आणि मग छान गोल लूप घे बरं का." मी घड्याळ लावून मोजलं. साडेचार सेकंद. तेवढ्यात माझं विमान सीतापूर रोडच्या दिशेने बरंच पुढे निघून गेलं होतं. मग प्रत्येक हाक दोन शब्दांत बसवण्याचं काम आम्ही सुरू केलं. 'बाळा' आणि 'बरं का' आधी गेले. आकृतींना तिने स्वतःची नावं दिली. विमान उभं चढतं, वाटेत स्वतःभोवती पाव वळण घेतं, वर पोचल्यावर आडवं होऊन आमच्यापासून लांब जातं आणि तसंच उभं खाली उतरतं, अशी एक आकृती होती. तिला ती 'टोपी' म्हणे. नाव अचूक होतं. कडेने पाहिलं तर आकाशात उंच टोपीचीच रेघ उमटते.

हाकांचा तक्ता मी केला. आखीव, रंगीत, प्रत्येक आकृतीपुढे दिशा लिहिलेली: डावीकडे, उजवीकडे, उजवा वळसा, डावा वळसा. आई एकदा म्हणाली होती, "एवढं डावं-उजवं कशाला? तुला माहीत असतंच की." मी उत्तर दिलं की, दिशा गृहीत धरणं हेच अपघाताचं मूळ असतं. वाक्य भारदस्त होतं, त्यामुळे तिने ते मानलं.

जानेवारी आणि फेब्रुवारी आम्ही कसून काम केलं. मी जानकीपुरम विस्तारातल्या संस्थेतून दुपारी चारला सुटले की आई घरून बॅटऱ्या घेऊन येई. त्या बॅटऱ्या ती पिठाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात, बाल्कनीत, स्वतः शेजारी बसून चार्ज करी. पेट घेतात असं मी एकदा सांगितल्यापासून तिने त्या क्षणभरही एकट्या सोडल्या नव्हत्या. मैदान शहराबाहेर होतं. तिथे उत्तरेकडे तोंड करून उडवायचं, म्हणजे ऊन पाठीशी राहतं. समोर गव्हाची शेतं, पलीकडे वीटभट्टीची चिमणी. चिमणीचा धूर पाहून मी वारा ताडत असे. त्या दोन महिन्यांत तो धूर रोज एकाच बाजूला कलला, कारण हिवाळ्यात इथे पछुआ वाहतो, पश्चिमेचा कोरडा वारा. तो आमच्या डाव्या हाताने येई. पहिली आकृती वाऱ्याच्या तोंडावर काढायची असते, म्हणून आम्ही रोज डावीकडे सुरुवात करत होतो. तक्ता त्याच वाऱ्यावर लिहिलेला होता, आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. प्रयोगशाळेत मी कनिष्ठांना सांगत असे की, एकाच परिस्थितीत शंभर वेळा केलेलं मोजमाप म्हणजे शंभर मोजमापं नव्हेत. मैदानावर मी नेमकं तेच करून बसले होते.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी गाडीतून उतरले तेव्हा हवा ओलसर लागली. चिमणीचा धूर उलट दिशेला जात होता. पुरवैया सुटला होता, पूर्वेचा वारा.

याचा अर्थ एवढाच की, सगळा क्रम आरशात पाहिल्यासारखा उलटा उडवायचा. उडवणाऱ्याला ते अवघड नसतं. बोटं वाऱ्याशी जुळवून घेतात. पण आईच्या हातातला तक्ता आता पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत चुकीचा होता. आमच्या पाळीला चाळीस मिनिटं होती. मी तिला म्हटलं, "सोपं आहे. जिथे डावं लिहिलंय तिथे उजवं म्हण, जिथे उजवं तिथे डावं."

"सगळीकडे?"

"सगळीकडे. बस, उल्टा बोलना है."

तिने मान हलवली. तिचे ओठ हलत होते, ते मला दिसलं. मी विमानाचे स्क्रू तपासत राहिले.

पहिल्या फेरीत तिने आठ हाका अचूक उलटवल्या. नवव्या आकृतीला, टोपीला, तिने हाक दिली, "टोपी. उजवा वळसा." दोन महिने तीच हाक माझ्या बोटांत मुरली होती. मी विचार केला नाही. विमान उभं चढलं, उजवीकडे पाव वळलं, आणि वर आडवं झालं तेव्हा त्याचं नाक लांब शेतांकडे नव्हतं. ते आमच्याकडे होतं. परीक्षकांच्या खुर्च्यांच्या दिशेने, सुरक्षारेषा ओलांडून, डोक्यांवरून ते गेलं. मी ते कसंबसं बाहेर वळवलं. शिट्टी वाजली. त्या आकृतीला शून्य आणि फेरी तिथेच बंद.

विमान उतरवल्यावर मी आईला म्हणाले, "आई, साधी गोष्ट होती." आवाज चढवला नव्हता. प्रयोग फसल्यावर एखाद्या सहायकाला म्हणावं तशा सुरात म्हटलं. तक्ता घडी करून तिने पर्समध्ये ठेवला आणि पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली.

दोन फेऱ्यांपैकी चांगली धरली जाते, म्हणून अजून एक संधी होती, दीड तासाने. मी वहीत उलटा तक्ता नव्याने लिहायला बसले.

आमच्या शेजारच्या तंबूत अलीगंजचेच एक वयस्क गृहस्थ होते, निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक. मैदानावर सगळे त्यांना मास्टरसाहब म्हणत. माझ्याशी त्यांचा परिचय नमस्कारापुरता होता, आणि त्या दिवशी ते माझे प्रतिस्पर्धी होते. ते चहाचा कागदी पेला घेऊन आले आणि माझ्या वहीत डोकावले.

"ये क्या बना रही हैं?"

"नया चार्ट, सर. उल्टी हवा का."

"और आधे घंटे में हवा फिर पलट गई तो?"

मग ते आईकडे वळले. "बहनजी, आपने नौ में से आठ सही बोले. मैं पीछे खड़ा गिन रहा था. उल्टा करके बोलना, वो भी जहाज़ की रफ़्तार से, मेरे किसी शागिर्द से नहीं होता." नंतर माझ्याकडे बघून म्हणाले, "हवा पढ़ना आपका काम है, बिटिया. अपना काम अम्मा के सिर पर क्यों डाल दिया?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. चूक तक्त्यात होती आणि तक्ता माझा होता.

आईने तोवर पर्समधला कागद पुन्हा काढला होता. तिने बँकेतलं निळं पेन उघडलं आणि एकेका ओळीतलं डावं-उजवं खोडायला सुरुवात केली, सह्या करते त्या वेगाने. "मी आता फक्त नाव घेणार," ती म्हणाली. "टोपीला नाव आणि 'लांब'. विमान आपल्यापासून लांब जायला हवं, एवढंच मला कळतं. ते कुठल्या हाताने न्यायचं ते तू बघ."

"तीन जगह और अटकेंगी आप," मास्टरसाहब तिचा कागद वाचत म्हणाले. लिपी देवनागरी असल्याने अक्षरं त्यांना कळत होती, आणि मराठीतलं उरलेलं ते अंदाजाने लावत होते. "चलिए, एक बार चल के देख लें." स्वतःच्या तंबूतून त्यांनी काठीवरचं विमान आणलं. त्यांची पाळी आमच्या आधी होती. त्या वेळात त्यांनी सावलीत डोळे मिटून स्वतःचा क्रम मनात घोकायला हवा होता. या खेळात सगळे तेच करतात. त्याऐवजी पाऊण तास ते आईबरोबर गवतातून चालले, आधी पुरवैया धरून आणि मग पछुआ धरून. आई हाक द्यायची, ते काठी फिरवायचे.

"लांब! लांब म्हणजे दूर, मास्टरसाहब, तुम्ही जवळ कुठे आणताय?"

"अरे माफ़ कीजिए, मराठी में फेल हो गया."

मी त्या दोघांकडे पाहत उभी होते. माझ्या वहीतलं पान अर्धं लिहून तसंच राहिलं होतं. त्या पाऊण तासाबद्दल मला आजही नीट आभार मानता आलेले नाहीत. त्यांना म्हटलं तर ते हात झटकतात, आणि आईला म्हटलं तर ती विचारते, "कसले?"

दुसऱ्या फेरीआधी मी तिला एवढंच म्हणाले, "चूक माझी होती. तक्ताच चुकीचा होता." हे मी मराठीत म्हणाले. तिने माझ्या टोपीची कड सरळ केली आणि मागे जाऊन उभी राहिली.

त्या फेरीबद्दल सांगण्यासारखं फार नाही, आणि चांगल्या फेरीचं लक्षण बहुधा तेच असावं. तिच्या हाका छोट्या होत्या आणि वेळेवर येत होत्या. "लूप." "आठ." "थांबून वळ." प्रत्येक शब्दानंतर एक मोकळी जागा उरत होती आणि तीत दिशा मला स्वतः भरायची होती. नववी आली तेव्हा मागून तिचा श्वास ऐकू आला. "टोपी. लांब." विमान चढलं, माझ्या अंगठ्याने ते डावीकडे वळवलं, आणि ते शेतांवरून, चिमणीच्या दिशेने, दूर गेलं. अजून सहा आकृती बाकी होत्या. त्या सगळ्या पूर्ण झाल्या. उतरताना पुरवैयाने एक पंख किंचित उचलला, पण चाकं सरळ टेकली.

दुपारी यादी लागली. मास्टरसाहब दुसरे होते. मी सहावी होते.

पुढच्या फेरीसाठी तिथेच अर्ज भरायचा होता. 'साहाय्यक' या रकान्यात मी आईचं नाव लिहिलं आणि मग कागद तिला दाखवला.

"अगं, मला विचारायचंस तरी." तिने तारीख वाचली. "हा आठवडा? ताईच्या मुलीचं लग्न आहे सांगलीला."

मी पेन हातात घेऊन थांबले. खोडायची तयारी होती. दुसरं कुणी शोधता आलं असतं, निदान तसं मी स्वतःला समजावत होते. आई पाच पावलं बाजूला गेली आणि तिने फोन लावला. मी विमानाचे पंख सोडवून कापडात गुंडाळत होते. तिचं बोलणं वाऱ्यावर तुटक तुटक येत होतं.

"ताई, मी हळदीला नाही येत गं, लग्नाला पोचते थेट… नाही, तब्येत ठीक आहे… विमान आहे त्या दिवशी… अगं तिकिटाचं नाही, उडवायचं विमान… मी नाही, ती उडवते. मी सांगते तिला… हो, ती ऐकते."