वर्तकनगरच्या कॅप्टनबाई

समोर माणूस पडला तरी बाई खुर्चीवरून उठत नसत. पहिल्यांदा मी हे बघितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. एक जवान, ऐन उमेदीतला, मांडीपासून पाय गेलेला. नवीन पाय लावून हॉलमध्ये चालत होता. मधेच त्याचा गुडघा दुमडला आणि तो धाडकन फरशीवर आडवा झाला. मी आणि माझी बायको सुमन, दोघंही धावलो. बाई चहा पीत होत्या. कपसुद्धा खाली ठेवला नाही त्यांनी.

"तुम्ही दोघं मागं व्हा," त्या म्हणाल्या. "त्यानं बोलावलंय का तुम्हाला?"

आम्ही जागच्या जागी थांबलो. तो पोरगा आधी हातांवर आला, मग सरपटत भिंतीपर्यंत गेला, तिथला लोखंडी दांडा धरून उभा राहिला. अंगावरचा शर्ट भिजून चिंब. बाई म्हणाल्या, "छान. आता परत पड."

"परत, बाई?"

"मघाशी मनगटावर पडलास. मोडलं असतं. नीट पडायला शीक आधी."

मी सुमनला म्हणालो, "ही बाई आहे का कोण आहे?" माझा आवाज मोठा. सगळी नोकरी मानपाड्याच्या कारखान्यात मशिनीशेजारी गेली, हळू बोलणं मला येतच नाही. बाईंनी ऐकलं.

"कॅप्टन आहे," त्या म्हणाल्या. "रिटायर्ड. तुमचा मुलगा कुठला, हा खिडकीतला का? हसतो का कधी?"

तेव्हा तो हसत नव्हता. आमचा संदीप. फौजेत गेला तेव्हा गल्लीत पेढे वाटलेले. सीमेवर गस्त घालताना सुरुंगावर पाय पडला आणि उजवा पाय गुडघ्याखालून गेला. जीव वाचला म्हणून सगळे आम्हालाच नशीबवान म्हणायचे. मी तोंडावर सांगायचो, घे तू हे नशीब.

वर्तकनगरात एका जुन्या कॉलनीच्या तळमजल्यावर जखमी जवानांसाठी ही संस्था होती. बाई आणि सुभेदार, दोघं मिळून ती चालवायचे. बाई मिलिटरीत नर्स. तिथं नर्सलाही हुद्दा असतो हे मला माहीत नव्हतं. सुभेदार कोकणातले, स्फोटात दोन्ही डोळे गेलेले. त्यांच्या डोळ्यांवरची पट्टी बाईंनीच सोडली होती. ती गोष्ट सुभेदार नव्या माणसाला हमखास सांगायचे. "बाईंनी विचारलं, काही दिसतंय का? मी म्हटलं, नाही, पण आवाज फार कर्कश आहे तुमचा." बाई म्हणायच्या, "तेव्हापासून तो आवाज ऐकतायत. शिक्षाच म्हणायची." दोघांचं नातं काही नव्हतं. दिवसभर भांडायचे आणि एकाचा चहा दुसऱ्याशिवाय होत नसे. बाईंचे गुडघे दुखायचे, पण त्या कबूल करत नसत. त्या नुसत्या दारातून आत आल्या की सुभेदार म्हणायचे, "आज डावा जास्त दुखतोय."

"तुम्हाला काय दिसतंय?"

"पाऊल ऐकू येतंय ना."

संदीपला पाय संस्थेनंच करून दिला. कारागीर यायचा, मापं घ्यायचा, परत परत घासून बसवायचा. हॉलमध्ये संदीप चांगला चालायला लागला. दांडा सोडून चालला. त्या दिवशी सुमननं मला रिक्षात धरून ठेवलं, कारण मी रिक्षावाल्यालाही सांगायला निघालो होतो.

घरी आणलं तेव्हा दारात गल्ली जमलेली. सुमननं ओवाळलं. भाकरतुकडा उतरून टाकला. मग ती खाली बसली आणि तिनं त्याचे बूट काढले, दोन्ही पायांचे. दोन्ही पाय धुतले. खऱ्यावर पाणी घातलं तसंच खोट्यावर घातलं, पदरानं पुसलं. मी बघत होतो. "जा, देवाला नमस्कार कर," ती म्हणाली. संदीपनं एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि सरळ मागं कोसळला. डोकं उंबऱ्यावर आपटलं. सगळ्यांसमोर.

पुढच्या दिवसांत त्यानं परत प्रयत्न केला. परत मागंच पडला. मग पाय दाराआड गेला आणि संदीप कॉटवर. सुमन त्याला भरवायची, तो तोंड उघडायचा, एवढंच. दाढी वाढली. मित्र आले तर झोपेचं सोंग घ्यायचा. बाईंचे फोन यायचे, तो घ्यायचा नाही. एकदा सुमन मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "अहो, मी घरातली दोरी लपवून ठेवलीय. तुम्ही पण लक्ष ठेवा." त्या दिवशी मला कळलं आपण कशाच्या काठावर उभे आहोत.

मी तडक वर्तकनगरला गेलो. हॉल माणसांनी भरलेला. मी दारातूनच ओरडलो, "तुमचा पाय बोगस आहे! माझा पोरगा मरायला टेकलाय घरी!" कोणी मला धरायला उठलं. बाई म्हणाल्या, "बोलू द्या त्यांना." सगळं ऐकून घेतलं. मग उठल्या, पिशवी घेतली. "सुभेदार, चला. कदमांच्या घरी जायचंय."

आमच्याकडं आल्या तेव्हा ना चहा घेतला, ना धीराचे चार शब्द बोलल्या. कॉटजवळ स्टूल ओढून बसल्या.

"संदीप, पाय लाव. उभा राहा."

"पडेन, बाई."

"पड. मला बघायचंय कसा पडतोस."

तो चिडला. किती दिवसांनी चिडला म्हणून मला बरंच वाटलं. दात खाऊन पाय चढवला, कॉटची कड धरून उभा राहिला. "बघा," म्हणाला, "कोणीतरी मागं ढकलतंय असं होतं." बाई स्टुलावरून उतरल्या आणि चक्क फरशीवर बसल्या. त्या गुडघ्यांनी. त्याच्या पावलाकडं बघत राहिल्या. बराच वेळ बोलल्याच नाहीत.

"बाई, गप्प का झालात?" सुभेदार घाबरून म्हणाले.

"याचा बूट कुठाय?"

सुमन म्हणाली, "बाहेर ठेवलाय. घरात कशाला बूट? समोर देव आहेत."

बाई म्हणाल्या, "सुभेदार, आपण गाढव आहोत."

"मी पण?"

"तुम्ही आधी."

मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. त्यांच्या हॉलमध्ये सगळे बूट घालूनच फिरतात, मिलिटरीची सवय. संदीपचा पायही बुटाच्या टाचेची उंची धरून बसवलेला. खरं पाऊल बूट काढला की आपलं आपण जुळवून घेतं. खोट्याला ते जमत नाही. बूट काढला की टाच खाली जाते आणि माणूस मागं कलंडतो. पायात खोट नव्हती आणि पोरातही नव्हती. आपण घरात अनवाणी राहणारी माणसं, एवढीच गोष्ट, आणि ती कोणाच्या डोक्यात आली नव्हती.

सांगता सांगता त्यांनी दाराजवळची सुमनची जुनी रबरी स्लीपर उचलली, ओट्याखालून विळी ओढली आणि स्लीपरची टाच कापली.

"अगं बाई, भाजीची विळी आहे ती!" सुमन ओरडली.

"मग धुवा नंतर."

तो रबराचा तुकडा त्यांनी खोट्या पायाच्या टाचेखाली लावला, पिशवीतली पट्टी काढून घट्ट गुंडाळला. "चल," म्हणाल्या. हात दिला नाही. संदीप कॉटपासून देवापर्यंत गेला. नमस्कार केला. वळला. वळताना जरा हलला, पण सावरला. परत आला आणि कॉटवर न बसता तसाच उभा राहिला. मी कारखान्यात मोठमोठी यंत्रं चालू होताना बघितलीत. असं काही बघितलं नाही.

सुमन मात्र भिंतीला टेकून खाली बसली. "म्हणजे मीच पाडलं त्याला," म्हणाली. "बूट मी काढला."

बाई अजून फरशीवरच होत्या. तशाच सरकत तिच्याजवळ गेल्या. "सुमनताई, तुम्ही लेकाचे पाय धुतलेत. आम्ही त्याला पाय लावला आणि त्याचं घर कसं आहे ते विचारलंसुद्धा नाही. चूक आमच्या हॉलमध्ये झाली, तुमच्या दारात नाही. परत तसं म्हणायचं नाही." मग त्यांना उठता येईना. संदीपनं वाकून हात पुढं केला. बाईंनी तो घेतला. मी दुसऱ्या कोणाचा हात त्यांनी घेतलेला कधी बघितला नाही.

मोठ्या माणसांना चूक कबूल करताना मी बघितलंय. कानात करतात, दार लावून करतात. ह्या बाईंनी ती चारचौघांत केली, आणि एकदा करून थांबल्या नाहीत. नवीन जवान घरच्यांबरोबर आला की त्याला समोर बसवून सांगायच्या, "मी एका पोराला त्याच्याच घरात पाडलंय. म्हणून आधी आम्ही तुमचं घर बघणार, मग पाय." सुभेदार म्हणायचे, "अहो, किती वेळा सांगाल? संस्थेचं नाव खराब होतं." बाई म्हणायच्या, "होऊ दे. पोरगा पडण्यापेक्षा बरं."

तेव्हापासून तशीच पद्धत पडली. माप घ्यायच्या आधी कोणीतरी घरी जायचं. मोरीत पाय घसरतो का, माणूस जेवायला खाली बसतो का, देवाला जाताना काय करतो, सगळं बघायचं. हे काम हळूहळू संदीपकडं आलं. आधी बाईंबरोबर जायचा, मग एकटा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाशी काय बोलायचं हे त्यानं बाईंना विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "उपदेश करू नकोस. तू कसा पडलास ते सांग."

मग सुमन आजारी पडली. पोटाचं दुखणं, कळलं तेव्हा उशीर झाला होता. बाई यायच्या, तिची पाठ पुसून द्यायच्या, वेणी घालायच्या. दोघी काय बोलायच्या मला माहीत नाही, पण हसायच्या. एकदा मी बाहेरून ऐकलं, सुमन म्हणत होती, "ती विळी मी अजून वापरते बरं का." सुमन गेली तेव्हा सगळं गाव येऊन मला धीर धरा म्हणून गेलं. बाईंनी तसं काही म्हटलं नाही. मीच चिडून विचारलं, "तुम्ही सगळ्यांना पाय लावता. मला काय लावणार आता?"

बाई माझ्या शेजारी बसून राहिल्या, दिवे लागेपर्यंत. दुसऱ्या कोणी काहीतरी गोड बोलून टाकलं असतं आणि मी त्या माणसाचं तोंड परत बघितलं नसतं.

गेल्या थंडीत बाईही गेल्या. सकाळी हॉलमध्ये खुर्चीवर बसल्या बसल्याच. सुभेदारांचा फोन आला तेव्हा संदीप बूट घालत होता. कल्याणला एका नव्या पोराच्या घरी जायचं होतं. हात गेलेला, रुग्णालयातून नुकताच आलेला, कोणाशी बोलत नव्हता. संदीपनं फोन कानाला लावला आणि तसाच खाली बसला. मी म्हटलं, "कल्याण राहू दे. आधी बाईंकडं चल."

संदीपनं फोन माझ्याकडं दिला. पलीकडून सुभेदारांचा आवाज आला, फाटलेला. "कदम, त्याला सांगा, आधी कल्याण. बाई आता कुठं जात नाहीत. तो पोरगा जाईल."

मला राग आला. बाई तिकडं पडल्यात आणि हे काय चाललंय? पण संदीप उठला होता. मीही त्याच्यामागं निघालो, त्याला एकट्याला सोडायचं नव्हतं मला. कल्याणला त्या घरात पोराचा बाप दारात उभा होता. मी त्याच्याकडं बघितलं आणि मला सगळं कळलं, मी असाच उभा असायचो. आम्ही दोघं बाहेर पायरीवर बसलो. त्याला बाईंचं काही सांगितलं नाही. तो म्हणाला, "काही खात नाही हो." मी म्हणालो, "आमचाही खात नव्हता." आत संदीपचाच आवाज येत होता. घाई न करता, हळूहळू, आपण दारात कसे पडलो ते सांगत होता. आतून दुसरा आवाज आला नाही.

परत येताना माजिवड्याला गाड्या अशा तुंबलेल्या की रिक्षा हलेना. संदीप पुढं बघत बसलेला.

वर्तकनगरला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. अंगण भरलेलं. काठ्यांवरची माणसं, चाकांच्या खुर्चीवरची माणसं, त्यांच्या बायका, आया. सकाळपासून सगळी थांबलेली. बाईंचा भाऊ गावाहून येऊन पोचला होता, तोही थांबलेला. सुभेदार बाईंच्या उशाशी बसलेले. संदीपचं पाऊल ऐकल्यावर त्यांनी मान वर केली.

"काय झालं रे?"

कोणाच्या घरी जाऊन आलं की खबर बाईंना द्यायची, असं संस्थेत होतं. संदीप सुभेदारांकडं वळला नाही. बाईंच्या पायाशी जाऊन ताठ उभा राहिला. त्याला बाईंच्या तोंडाकडं बघवत नव्हतं, पण त्यानं बघितलं.

"बाई, पोरगा आज बोलला नाही," तो म्हणाला. "पण निघताना मला दारापर्यंत सोडायला आला. उद्या परत जातो."

सुभेदार बाईंच्या भावाच्या खांद्याला धरून उठले.

"चला," म्हणाले, "उचला आता."