सतीश आणि आरशातला तो

वर्षावहिनींचा फोन आला तेव्हा मी नाशिक फाट्याच्या सिग्नलला होतो. "भाऊजी, सतीश गेला..." एवढंच म्हणाल्या. मागचे हॉर्न वाजवत राहिले. खरं सांगायचं तर रडू नंतर आलं. आधी आली ती भीती. गेले काही महिने त्या नवरा-बायकोच्या घरी जाताना यायची, तीच.

सतीश महाळुंग्याचा. आम्ही दोघं व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एकाच ऑफिसात होतो, आणि तिथं त्याचं काम होतं आरसे. गेममधल्या आरशात काच नसते, उजेडही नसतो. खेळाडू समोर आला की त्याची प्रतिमा क्षणाक्षणाला गणित करून रंगवावी लागते. ओली फरशी, विहिरीचं पाणी, गाडीचं बॉनेट... सतीशच्या हातचं असलं की हात लावून बघावंसं वाटायचं.

मागच्या हिवाळ्यात त्यानं मला स्क्रीनजवळ बोलावलं. "भावा, आरशातला माणूस चुकतोय." आम्ही सगळं तपासलं. पात्रानं हात उचलला की प्रतिमाही बरोबर उचलत होती. "हात न्हाई रे, माणूसच दुसरा हाय." घाबरला की तो असा गावाकडचं बोलायचा. दुपारी जेवणानंतर हात धुताना बेसिनवरच्या आरशाकडे बघून त्यानं माझं मनगट पकडलं. पंजा गार पडला होता. "हा कोन हाय राव? सकाळपासनं माझ्या मागं हाय." आरशात आम्ही दोघंच होतो. त्यानं मला ओळखलं; स्वतःला नाही.

मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशन करण्यासारखी नव्हती. पिंपळे गुरवच्या फ्लॅटमध्ये वहिनींनी आरशांवर चादरी टाकल्या, टीव्ही भिंतीकडे फिरवला. स्टीलच्या ताटात चेहरा दिसला की तो ताडकन उठायचा, म्हणून पत्रावळीवर वाढायच्या. मी रविवारी जायचो. जिना चढताना एकच मनात यायचं... आज तो मला तरी ओळखेल ना?

एका रविवारी ऑफिसात म्हणायचा तसंच म्हणाला, "चल, टेस्ट करू." वहिनींची टिकली स्वतःच्या कपाळाला लावली आणि कपाटाच्या आरशावरची चादर काढायला लावली. खूप वेळ बघत राहिला. मग अगदी शांतपणे म्हणाला, "त्यालापन कुनीतरी लावलीय." मी चादर परत आरशावर टाकली.

शेवटच्या आठवड्यातलं वहिनींनी सांगितलं. त्यानं आपणहून चादर ओढली, काचेवर तळहात टेकवला आणि हलेचना. "वर्षा, त्योपन घाबरलाय गं. एकटाच हाय." वहिनी शेजारी जाऊन उभ्या राहिल्या, तेव्हा कुठं त्यानं हात काढला.

परवा गेलो तेव्हा चादरींच्या घड्या झाल्या होत्या, जेवायला स्टीलचं ताट होतं. कपाटाचा आरसा तेवढा पुसलेला नव्हता. त्यावर तळहाताचा तेलकट ठसा होता, बोटं फाकलेली. "रोज फडकं घेऊन उभी राहते, भाऊजी..." वहिनी म्हणाल्या. मी तो ठसा बाजूनंच पाहिला. समोर उभं राहायची हिंमत झाली नाही.