डब्यासारखी चव

"जरा चव बघा की काकू," म्हणत माझे शेजारी दारात उभे राहायचे. उजव्या हातात स्टीलचा चमचा आणि थेंब सांडू नये म्हणून त्याखाली धरलेला डावा तळवा. चमच्यात टोमॅटोच्या लाल रसातले पांढऱ्या घेवड्याचे चार दाणे. मी ते तोंडात घालून गिळेपर्यंत त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावरून हलायची नाही.

"छान झालंय," मी म्हणायचे.

"छान नको काकू. डब्यासारखं झालंय का, तेवढं सांगा." मी तरी तो डबा तोवर कुठे चाखला होता!

कळंबोलीच्या आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट माझ्या समोरचा. वय चाळिशीच्या अलीकडे. मूळचे साताऱ्याकडचे. इथल्या लोखंड बाजारात एका वजनकाट्यावर नोकरी. सळया लादलेला ट्रक काट्यावर चढला की त्याचं वजन बघून पावती फाडायची, हे काम. आवाज मोठा, कारण ट्रकवाल्यांशी बोलायची सवय. घरात शिरताना मात्र तो आवाज चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायचे. घरात सई होती, त्यांची सात वर्षांची मुलगी. तिला मोठा आवाज सहन व्हायचा नाही. मिक्सर लावला तरी कानांवर हात ठेवून ती पलंगाखाली जायची.

सई बोलत नसे. चालायची, हसायची, फरशीवर बटणांची लांबच लांब रांग लावायची, पण शब्द नाही. आणि ती जगातल्या फक्त दोन गोष्टी खायची. एक दूध. दुसरी, पिवळ्या लेबलाच्या परदेशी डब्यातले बेक्ड बीन्स, म्हणजे टोमॅटोच्या गोडसर रसातला पांढरा घेवडा.

हे खूळ आलं कुठून, असं तुम्हीही विचाराल. मीही विचारलं होतं. सईची आई वाशीच्या एका मॉलमध्ये किराणा विभागात कामाला होती. पोचे पडलेले डबे तिथल्या नोकरांना स्वस्तात मिळत. एकदा तिनं असा एक डबा घरी आणून उघडला आणि तोवर प्रत्येक घासाला तोंड फिरवणारी मुलगी वाटी चाटूनपुसून मोकळी झाली. त्या आनंदात आई रोज तेच देत गेली. मग दोन वर्षांपूर्वी ती तापानं आठ दिवसांत गेली. मागे राहिले नवरा, मुलगी आणि स्वयंपाकघराच्या फडताळात डब्यांची एक ओळ.

ती ओळ त्यांनी कशीबशी चालू ठेवली होती. या दुकानातून दोन, त्या दुकानातून चार. मग एक दिवस वाशीचा दुकानदार म्हणाला, हा माल आता येणार नाही. बेलापूर, नेरूळ, पनवेल सगळीकडे तेच उत्तर. मोबाइलवरून मागवलेले दुसऱ्या कंपनीचे डबे आले. सईनं लेबलाकडे बघितलं, वाटीला नाक लावलं आणि ओठ मिटले.

आमच्या मजल्यावर मग सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. "लाड फार झाले. दोन दिवस उपाशी ठेवा, आपोआप वरणभात खाईल." हे म्हणणाऱ्यांत मी होते, हे लपवत नाही. दोन मुलं वाढवल्याचा मला गर्व होता. त्यांनी माझं ऐकलं. दीड दिवस दूधही दिलं नाही. सईनं काही मागितलं नाही, रडलीही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बटणं लावता लावता ती तशीच आडवी झाली. ते तिला उचलून माझ्या दारात आले. "काकू, हिला भूक सांगता येत नाय ओ. ही मरंल, पण मागायची न्हाई." त्यांच्या आवाजात माझ्यावर राग असता तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून त्यांनी ते घरी बनवायचं ठरवलं.

ज्या माणसाला तोवर फक्त पिठलं आणि खिचडी येत होती, त्यानं हे मनावर घेतलं होतं. आधी राजमा आणला. दाणा मोठा, साल जाड. मग चवळी. सईनं प्रत्येक चवळीचा काळा डोळा बघितला आणि एकेक दाणा वाटीबाहेर काढून रांगेत मांडला. "बापाचा जन्म घेवडा पिकवण्यात गेला आमच्या," ते एकदा हसून म्हणाले, "आणि मी दुकानादुकानातनं घेवडा हुडकत फिरतोय. पर आमचा घेवडा वाघ्या, त्याच्यावर पट्टे. हिला पट्टे चालायचे न्हाईत." शेवटी गावाकडे राहणाऱ्या बहिणीनं कुणाकडून तरी बारीक, पांढरा घेवडा मिळवला आणि एसटीनं पाठवला.

दाणा जमला, पण टोमॅटो जमेना. पहिल्या दिवशी सवयीनं हात जिऱ्याच्या डब्याकडे गेला आणि सगळं पातेलं फुकट गेलं. मग फोडणी बंद, लसूण बंद. टोमॅटो उकडायचे, साल काढायची, चाळणीतून गाळायचे. त्यात साखर, मीठ, थोडं व्हिनेगर, दाटपणाला कॉर्नफ्लोअर. शिजलेला घेवडा त्यात घालून झाकण लावायचं आणि तासभर अगदी मंद आचेवर ठेवायचं. त्यांनी एक छोटा काटा विकत आणला होता. दिवसभर टनांत मोजणारा माणूस संध्याकाळी ओट्याशी वाकून साखर ग्रॅमवर मोजायचा. मी चेष्टा केली तर म्हणाले, "ट्रकमधी पन्नास किलो इकडंतिकडं झालं तर कुणी मरत न्हाई, काकू."

पण टोमॅटोला काटा काय करणार? सोमवारचा आंबट, मंगळवारचा पाणचट, बुधवारचा गोड. कारखान्यात रोज तीच चव निघते. आपल्या भाजीबाजारात ती कशी निघावी? "टोमॅटो रोज येगळा," ते कपाळाला हात लावून म्हणायचे, "आणि पोरीला रोज त्योच पायजे."

एव्हाना घरात शेवटचा एक डबा उरला होता. सई दुधावर होती आणि रोज एकदा फडताळाशी जाऊन त्या डब्यावर बोट टेकवून यायची. एका सकाळी ते रजा घेऊन माझ्याकडे आले. डबा हातात होता.

"मी ह्यातला एक घास कधी खाल्ला न्हाई," ते म्हणाले. "पयल्यापासनं तिचाच म्हणून. आता चव म्हाईत नसंल तर बनवू कसा? पर खाल्ला तर तिचा घास कमी होतोय."

असा निवाडा करायची वेळ तुमच्यावर न येवो. मी म्हटलं, एक चमचा तुम्ही घ्या, एक मी घेते, उरलेला तिचा. माझ्या टेबलाशी बसून त्यांनी डबा उघडला. डोळे मिटून चमचा तोंडात घेतला आणि घास बराच वेळ गिळलाच नाही. मला तर ती चव साधीच वाटली, गोडसर, जरा धातूची. त्यांनी डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते. "दालचिनी हाय," ते म्हणाले. "लई थोडी. हिच्या आईच्या हाताला हाच वास यायचा. मला वाटायचं साबणाचा हाय."

त्या संध्याकाळी त्यांनी बनवलेलं मी चाखलं. शपथेवर सांगते, मला फरक कळला नाही. उरलेला डबा सईनं दुपारीच संपवला होता. तो धुऊन त्यांनी आपला घेवडा त्यात भरला, वरचं झाकण तसंच बसवलं आणि सईसमोर उघडला. मी दारात उभी होते. तिनं वाटी जवळ ओढली. तिनं एक दाणा जिभेवर ठेवला, थांबली, आणि हातानं काढून परत वाटीत ठेवला. मग वाटी हळूच त्यांच्याकडे सरकवली, आपली नसलेली वस्तू ज्याची त्याला द्यावी तशी.

त्यानंतर त्यांच्या हातून जे घडलं, ते त्यांनी स्वतःच मला सांगितलं. मुलीचं वजन उतरत होतं. नुसत्या दुधावर किती दिवस काढायचे? त्यांनी तो शिजवलेला घेवडा लोण्यासारखा वाटला आणि एक चमचाभर दुधात मिसळला. सईनं एक घोट घेतला. पेला खाली ठेवला. तेव्हापासून तिनं दूधही सोडलं.

"माझ्यावर इस्वास होता तिचा," ते जिन्याच्या पायरीवर बसून म्हणाले. "त्यो मीच दुधात कालवला."

तिसऱ्या दिवशी आम्ही रिक्षानं तिला कामोठ्याच्या रुग्णालयात नेलं. सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाले, नाकातून पोटात नळी घालावी लागेल, आत्ताच. नर्सनं सांगितलं, मुलीला कुणीतरी घट्ट धरा. त्यांनी धरलं. मी पडद्याबाहेर होते. ज्या मुलीला सात वर्षांत कुणी आवाज काढताना फारसं ऐकलं नव्हतं, तिचा आवाज मी तेव्हा ऐकला. अजून ऐकू येतो. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या मनगटावर तिच्या दातांच्या खुणा होत्या आणि ते पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "मी धरली तिला. मीच धरली."

नळीतून अन्न जाऊ लागलं, मुलगी वाचली. पण ते जवळ आले की ती भिंतीकडे तोंड करून आक्रसून जायची. त्यांनी पांघरूण घातलं तर लाथेनं उडवायची. ते मग खाटेच्या पायथ्याशी, हात पाठीमागे बांधून उभे राहायचे.

वॉर्डात एक तरुण डॉक्टरबाई यायच्या. अशा मुलांचं खाणं हा त्यांचा विषय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हा हट्ट नाही, तिला खरंच भीती वाटते. आता तिला खा म्हणायचं नाही. तुम्ही तिच्यासमोर बसून जेवायचं. तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. शेवटचं तिच्यासमोर कधी जेवलात?"

त्यांना आठवेना.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी काट्यावरून सुटून ते यायचे. सकाळीच शिजवलेले बीन्स जेवणाच्या डब्यात आणलेले असायचे. खाटेशेजारच्या स्टुलावर ताट ठेवायचे आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून त्याच ताटातलं जेवायचे. एक शब्द नाही. पलीकडच्या खाटेवरचे लोक बघत राहायचे. आजारी पोरीला पाठ दाखवून हा माणूस जेवतोय, असं त्यांना वाटत असणार.

सात दिवस काही झालं नाही. आठव्या दिवशी सईनं मान वळवली. नंतर कधीतरी बोट रसात बुडवून वास घेतला. सोळाव्या दिवशी मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसले होते. तिचा हात ताटाकडे आला. एक दाणा उचलला. तोंडात घातला. जबडा हलला.

त्यांना चाहूल लागली असावी. भिंतीकडे बघतच, अगदी दबक्या आवाजात त्यांनी विचारलं, "काकू, खातीया का?"

"हो."

त्यांनी मागे वळून बघितलं नाही. त्यांचा हात ताट आणि तोंड यांच्यामध्ये तसाच अधांतरी थांबला होता. सईनं दुसरा दाणा घेतला. मग पडून राहिली. तिला झोप लागली तरी ते भिंतीकडेच बघत बसले होते. शेवटी मी उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

नळी गालाला चिकटवलेलीच घेऊन सई घरी आली. त्यांना एकट्यानं नोकरी आणि तिचं सगळं, दोन्ही निभेना. दिवाळीच्या आधी ते कळंबोली सोडून गावाकडे बहिणीकडे राहायला गेले. समोरच्या फ्लॅटमध्ये आता नवं जोडपं आलंय, चांगलं आहे. मी त्यांच्याकडे चहालाही जाऊन आले, पण स्वयंपाकघरात गेले नाही.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. पाठीमागे कोंबड्यांचा आवाज होता.

"नळी काढली काकू. ताक पिती, मऊ भात खाती, उकडलेला बटाटा खाती. बहिणीच्या हातनं. माझ्या हातनं अजून पाणी घेत न्हाई." त्यांनी कोंबड्यांना हाकललं. "घेईल."

"घेईल हो," मी म्हटलं. "आणि बीन्स?"

"त्याला आता शिवत न्हाई. ताटात दिसलं तर उठून जाती." ते हसल्यासारखं काहीतरी करून म्हणाले, "आणि हितं पोतंभर पांढरा घेवडा पडलाय."

"मग तुम्ही खा की. तुम्हाला तर सवय झाली."

"मला न्हाई आवडत काकू," ते म्हणाले. "गोड कालवण माझ्या घशाखाली कधीच उतरलं न्हाई."