पुनावळ्याच्या चौकातला फ्लेक्स

आमचे हे तेव्हा उत्तरेला, बर्फातल्या एका पोस्टवर होते. पोस्टचं नाव मी लिहिणार नाही. त्या नावापायीच पुढचं सगळं झालं. हे फौजेत नाईक. मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत, गेट दोनवर लेडी गार्ड. घर सासरचं, पुनावळ्याच्या जुन्या गावठाणात. भिंतीपलीकडे माझा दीर विलास राहतो. त्याला तोंडावर मी भाऊजी म्हणत आले. इथे विलास लिहिते. हे मी कोणाला दाखवणार नाही.

पोस्टवर व्हिडिओ कॉलला एकच जागा होती. बंकरच्या आत एक खोकं, खोक्यावर फोन, पाठीमागे भिंतीला टांगलेलं ब्लँकेट. ब्लँकेटशिवाय मागे काही दिसता कामा नये, अशी सुभेदारसाहेबांची ऑर्डर. प्रत्येक जवानाला ठरलेला वेळ मिळायचा. त्यातला निम्मा नेट जोडण्यात जायचा. ह्यांचा बडी होता लान्स नाईक किरण, बीडकडचा. बडी म्हणजे जोडीदार. ड्यूटी जोडीनं, जेवण जोडीनं. दोघांनी आपला कॉलचा वेळही जोडून घेतला. एकदा नेट लागलं की दोघांनी मिळून बोलायचं. मग इकडेही दोघींनी एका फोनसमोर बसणं आलं. किरणभाऊजींची बायको मनीषा चाकणला भावाजवळ राहायची. दिवस गेलेले होते. तशातही सुट्टीच्या दिवशी ती पुनावळ्याला यायची.

नवरा-बायकोचं बोलणं चौघांत. मला दोघांतही नीट बोलता येत नाही. मी फोनच्या कडेला बसायचे.

"सुनंदा, निम्मंच तोंड दिसतंय," हे म्हणायचे.

"दाजी, जेवढं दिसायलंय तेवढं बघा," मनीषा म्हणायची. "पूर्ण बघायचं तर रजा टाका अन् या."

मागून किरणभाऊजी ओरडायचे, "उस्ताद, तुमचा सगळा टाइम हीच बया खायलीय!"

शेवटी आमचा एक रिवाज होता. मनीषा आणि किरणभाऊजी आपापल्या जागी भिंतीकडे तोंड करून बसायचे. तेवढ्यात मी पूर्ण समोर यायचे आणि ह्यांच्याकडे बघायचे. बोलायचे नाही. हेही नाही. मग आम्ही भिंतीकडे वळायचो आणि त्या दोघांचं चालायचं. काही महिने आमचे दोन संसार असे एका फोनवर चालले.

एका सुट्टीला मी अर्धा दिवस ओव्हरटाइम करून आले होते. युनिफॉर्मचा निळा शर्ट बदलायला वेळ नव्हता. कॉल लागला. आमचं चित्र त्यांच्याकडे अडकलं होतं, आवाज तेवढा जात होता. हे रेशन आलं म्हणून बाहेर गेलेले. समोर एकटे किरणभाऊजी होते. मनीषानं पोटावर हात ठेवून काहीतरी सांगितलं आणि ते असे हसले की मागचं ब्लँकेट एका बाजूनं निसटलं. मागे पाटी होती. पोस्टचं नाव, ह्यांच्या तुकडीचं, म्हणजे फौजेतल्या कंपनीचं नाव. त्यांनी लगेच ब्लँकेट वर ओढलं. मी मान खाली घातली होती. आमच्या मागे दारात कोण उभं आहे, हे मी बघितलं नाही.

दोन दिवसांनी गेटवर एका कामगार बाईनं मला रील दाखवलं. किरणभाऊजी हसत होते, मागे पाटी, खाली पट्टी, 'विलासभाऊ मित्रमंडळ'. गेटवर आत जाणाऱ्या प्रत्येक फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावणं हे माझं रोजचं काम. पाटी दिसल्यावर काय होतं, ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. घरी येईपर्यंत विलासनं रील काढून टाकलं होतं. तोवर ते फौजेत वरपर्यंत पोहोचलं होतं.

पोस्टवरचं नेट बंद झालं. सगळ्यांचंच. फोटो नाही, व्हिडिओ नाही. युनिटच्या फोनवरून आठवड्यातून एकदा नुसता आवाज. ह्यांना आणि किरणभाऊजींना शिक्षेसाठी कंपनी कमांडरसमोर मार्च केलं. ह्यांना मिळायची हवालदारकी थांबली. ह्यांचा फोन आला तेव्हा विलास माझ्या शेजारी उभा होता.

"कुणी केलं?" ह्यांनी विचारलं.

विलासनं माझ्या हातातला फोन घेतला. "दादा, वैनीनं ग्रुपवर टाकलं. पोरांनी उचललं. चौथी शिकलेली बाई, कुठं बोट लागलं तिला काय कळतंय? तू तिला रागावू नको."

मी म्हणाले, "नाही." एवढंच म्हणाले. लाइन कट झाली. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे, आता झालं." मनीषाला तेच कळवलं गेलं. ती यायची बंद झाली.

तिला मुलगी झाली. किरणभाऊजींनी फोनवर फक्त रडणं ऐकलं. नेट सुरू व्हायची वाट बघत होते.

मी गेटवर होते. वॉकीटॉकीवर आवाज आला.

"गेट टू, कंट्रोल. सुनंदाबाईंना रिलीव्ह करा. ऑफिसात फोन आहे. ओव्हर."

"कंट्रोल, घरून आहे का? ओव्हर."

"मिलिटरीतून. लवकर पाठवा. ओव्हर."

फोनवर हे होते.

"किरण गेला. बर्फाची स्लाइड आली. आम्ही पेट्रोलिंगला होतो."

"तुम्ही?"

"मी पुढं होतो. मनीषाच्या भावाला युनिटनं कळवलंय. तू जा तिच्याकडं."

मी युनिफॉर्मवरच गेले. मनीषानं दार अर्धं उघडलं. बाळाला मांडीवरून उचलून तशीच आली होती, ते खांद्यावर होतं.

"ताई, तुम्ही येऊ नका," ती म्हणाली. "त्यांनी लेकरू बघितलं नाही. तुमच्या बोटापायी."

दार लागलं. त्या दारासमोर मी ठरवलं, हे मी विलासच्या तोंडून बाहेर काढीन. मनीषासमोर आणि चार लोकांत. कसं, ते मला माहीत नव्हतं.

किरणभाऊजींना जाऊन वर्ष झालं. विलासला नगरसेवक व्हायचं होतं. त्यानं चौकात श्रद्धांजलीचा कार्यक्रम ठेवला. सकाळी ड्यूटीला निघाले तेव्हा फ्लेक्स बांधून झाला होता. 'शहीद जवान किरण यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' एका बाजूला विलास, हात जोडलेला, डोक्यापासून कमरेपर्यंत. दुसऱ्या बाजूला हसणारे किरणभाऊजी. फोटो तोच होता. पाटीवरचं नाव ह्या वेळी त्यानं पुसून घेतलं होतं. एवढी अक्कल आली होती. पण रीलमध्ये जिथे मंडळाची पट्टी होती, तिथे आता काहीच नव्हतं. फोनवर बोलताना आपलं आपल्याला दिसतं तो छोटा चौकोन उघडा पडला होता आणि फ्लेक्सवर खिडकीएवढा झाला होता. त्यात निळ्या शर्टातली मी, मान खाली. पोटावर हात ठेवलेली मनीषा. आमच्या मागे दारात विलास, मोबाईल वर धरलेला.

मी त्याला सांगितलं असतं तर त्यानं पाच मिनिटांत फ्लेक्स उतरवला असता. मी सांगितलं नाही. सुपरवायझरला फोन करून सुट्टी टाकली आणि चौकातल्या पाराजवळ बसले. मी त्या फ्लेक्सवर ड्यूटी दिली. वाऱ्यानं एक दोरी सुटली, ती मी बांधली. दुपारी दोन माणसं दुसरा फ्लेक्स घेऊन आली.

"मावशी, सरका. आमच्या भाऊंचा वाढदिवस हाय."

"इथे माणूस गेलाय. भाऊ उद्या पण जन्मलेलाच राहील."

एकजण हसला. दुसरा म्हणाला, "चल राव, पुढच्या खांबाला बांधू."

मग मनीषाला फोन केला. उचलला. "काही बोलू नको," मी म्हणाले. "संध्याकाळी चौकात ये आणि डोळ्यांनी बघ."

ती आली. मुलगी कडेवर. फ्लेक्सच्या अगदी जवळ जाऊन तिनं खालचा चौकोन बघितला. मग माझ्या शेजारी येऊन बसली.

पलटण तोवर बर्फातून खाली आली होती, ह्यांच्याकडे नेट चांगलं होतं. मी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन फ्लेक्सकडे धरला.

"दिसतंय?"

"दिसतंय. खाली घे. अजून. थांब." मग, "विलासकडं ने."

विलास माइकवर होता. किरण मला सख्ख्या भावासारखा होता, असं काहीतरी चाललं होतं. मी आयुष्यात कधी स्टेजवर चढले नव्हते. चढले. फोन माइकला लावला.

"विलास," हे म्हणाले. आवाज चौकभर गेला.

"दादा! बघा मंडळी, आपला फौजी दादा थेट..."

"मागं वळ. फ्लेक्सचा खालचा कोपरा बघ. काय दिसतंय ते मोठ्यानं सांग."

"दादा, नंतर बोलू की."

"आत्ता."

तो वळला. "वैनी हायेत. मनीषाताई हायेत."

"त्यांच्या मागं?"

"मी."

"हातात?"

खालून एक म्हातारे म्हणाले, "आरं बोल की लेका. मला बिनचष्म्याचं दिसतंया."

"मोबाईल," विलास म्हणाला. "व्हिडिओ मीच काढला. मीच टाकला. वैनीनं न्हाई."

"खाली उतर," हे म्हणाले.

तो उतरला. लोकांनी वाट दिली, पण कोणी खांद्यावर हात ठेवला नाही. मला बरं वाटलं. लिहितानाही वाटतंय. दुसऱ्या दिवशी तो पाया पडायला आला. मी पाय मागे घेतले. सासूबाई म्हणाल्या, "घरचाच हाय, सोड." मी म्हणाले, "नाही." निवडणुकीला तो उभा राहिला नाही. उभा राहिला असता तर मी तो फोटो दारोदार दाखवला असता.

त्या संध्याकाळचं एक राहिलं. लोक पांगल्यावर मनीषानं चहावाल्याकडून सुरी आणली. आम्ही फ्लेक्स उतरवला. विलासची बाजू मी कापली आणि तिथेच रस्त्यावर टाकली. खालचा चौकोनही कापला. राहिले फक्त किरणभाऊजी. दोघींनी दोन टोकं धरून ते ताणले. मुलीला समोर उभं केलं आणि पुन्हा कॉल लावून फोन पाराच्या कडेला टेकवला.

पलीकडे हे सावधान उभे राहिले. मागून एक जवान आला, मग दुसरा, मग सेक्शनमधले सगळे. फोनच्या चौकटीत मावेनात तसे एकमेकांना खेटून उभे राहिले. मुलीनं फ्लेक्सवरच्या नाकाला हात लावला. कोणी ऑर्डर दिली नाही. नेट जाईपर्यंत आम्ही दोन्हीकडे तसेच उभे होतो.