नवी दाढ येईपर्यंत

कल्याणात दात काढणारे आमचे सांडशीमामा जितके दात काढीत, त्याहून अधिक परत पाठवीत. मोठ्या माणसाचा दात ते बोलता बोलता उपटत. पण समोर मूल आलं, की सांडशी बाजूला ठेवून मांडी घालून बसत आणि त्या मुलालाच विचारत, "काय मालक, दात द्यायचा का?" मालकांनी मान हलवून नाही म्हटलं, की मामा उठून त्यांना नमस्कार करीत आणि आईबापांना सांगत, "नकार आला. उद्या या."

हे कसब ते पलटणीच्या दवाखान्यात शिकले. तिथे शिपायांनी दाबून धरलेल्या एका पोराने त्यांच्या बोटाला असा चावा घेतला, की ते जन्मभर वाकडं राहिलं. ते बोट दाखवून मामा म्हणत, "बरोबर चावलं. त्याला कोणी विचारलंच नव्हतं." तेव्हापासून धरून आणलेलं मूल ते घेत नसत. लाडू दाखवून आणलेलंही नाही. "ते लाडवाला हो म्हणालं, दाताला नाही." एकदा मामलेदारांचा पट्टेवाला साहेबांच्या चिरंजीवांना खांद्यावर घालून आला. म्हणाला, "साहेबांचा हुकूम आहे." मामा म्हणाले, "हुकूम साहेबांचा, पण दात यांचा." चिरंजीव सुजल्या गालाने, मोठ्या ऐटीत, खांद्यावरूनच परत गेले.

प्लेगाच्या साली मामा गेले. आज गावात दाताचा शिकलेला डॉक्टर कधीमधी येतो, पण तो पोरांना काही विचारीत नाही.

आमचे आबा मिठागरावर मुकादम. आमच्या कुळात कॉलेजात गेलेला मी पहिला, हे मी कुठेही छाती काढून सांगतो. पण आमच्या घरात आपलं म्हणणं पहिल्यांदा खरं करून घेतलं ते माझ्या धाकट्या बहिणीने, भागीने. ती आठ वर्षांची असताना ठाकुर्लीच्या एका घरी तिचं लग्न ठरलं आणि हळदीच्या तोंडावर तिची दाढ सुजली. गाल इतका फुगला, की एक डोळा मिटला. आबा तिला उचलून तलावाच्या पाळीवर मामांकडे घेऊन गेले. मागे मी.

मामांनी विचारलं. भागी म्हणाली, "नाय."

"नकार आला," म्हणून मामा उठले.

आबा खवळले. "अवो मामा, लग्नाला कोनी इचारलं नाय तिला, दाढेला काय इचारता?"

"लग्न तुम्ही ठरवलंत. दाढ तिच्या तोंडात आहे."

भागी हे कान देऊन ऐकत होती. म्हणाली, "मामा, दाढ दिली तर लगीन मोडाल?"

"ते माझ्या सांडशीत येत नाही, बाय. दुसरं माग."

तिने विचार केला. "मंग नवी दाढ येईपर्यंत लगीन नको."

मामा आबांकडे वळले. "मुदत मागते आहे. वाजवी आहे."

आबांनी पोरांचे पुढचे दात पडून थोड्या दिवसांत नवे आलेले पाहिले होते. "कबूल, कबूल! काढा एकदाची!"

दाढ निघाली. ओरडले ते आबा.

मागच्या दुधाच्या दाढेच्या जागी नवी यायला वर्षं लागतात, हे मामांनी सांगितलं नाही आणि आबांनी विचारलं नाही. पण आबा शब्दाला जागले. दर दिवाळीनंतर नवऱ्यामुलाचा चुलता ठाकुर्लीहून चालत येई. मामांच्या ओट्यावर भागीचं तोंड उघडलं जाई. मामा आत डोकावून निकाल देत, "अजून नाही." चुलता गूळपाणी घेऊन परत जाई. मधल्या काळात मी सुट्टीला आलो, की भागीला वाचायला शिकवी. ती पोर भराभर शिकली.

शेवटच्या खेपेला चुलता हट्टाला पेटला. "या बारीला तिसऱ्या मानसानं बघायचं!"

"अवश्य," मामा म्हणाले. "हा तिचा भाऊ कॉलेजात शिकतो. हा बघेल."

मी वाकलो. हिरडीतून दाढेचं टोक वर आलेलं होतं, तांदळाच्या कणीसारखं पांढरंस्वच्छ. भागी तोंड उघडं ठेवून माझ्याकडे टक लावून बघत होती.

"काही दिसत नाही," मी म्हणालो.

चुलता काठी आपटून उठला. "आमच्या पोराचं काय म्हातारपनी लगीन लावायचं? दुसरी पोर बगतो आमी!" आणि तरातरा पाळीवरून चालू लागला.

मामा त्याच्या पाठमोऱ्या पागोट्याकडे बघत हळूच म्हणाले, "भागी, तोंड मीट. तो वळणाआड जाईपर्यंत हसायचं नाही."

भागीला तेवढा धीर निघाला नाही.