सोनीबाईनं टाचलेलं पान

सुगंधाबाईच्या परसातल्या बाडीत पानकोबी लागली तेव्हा गावातल्या बायकांनी नाक मुरडलं. छप्पन-सत्तावन सालचा हिवाळा असेल. ब्रह्मपुरीच्या बाजारातून तिनं रोपं आणली होती. आमच्याकडे हिवाळ्यात वांगी, वाल आणि लाखोरीची भाजी. हा पानांचा गोळा कुणी रांधायचा आणि कसा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

सुगंधाबाई मुळातच कुणाचं ऐकणारी नव्हे. नवरा गेला तेव्हा दिरांनी तिचं शेत मागितलं, तिनं दिलं नाही. शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभी राहून नांगरणी करून घेई, आणि गडी टंगळमंगळ करायला लागला की तिचा आवाज नाल्यापलीकडे ऐकू जाई. पोरगी एकच, कमळा. कमळाची सोयरीक मुखरू नावाच्या भल्या माणसाच्या पोराशी जमली होती आणि लग्न फागुनात ठरत होतं.

तिनं पानकोबीच्या पानाला धोप्याच्या, म्हणजे अळूच्या पानासारखं वागवलं. धोप्याच्या वड्या आमच्याकडे सगळ्याच करतात, पानाला पीठ लावायचं आणि गुंडाळायचं. पण ही पानं जाड शिरेपाशी काडकन तुटायची. दोन गड्डे वाया गेले. तेवढ्यात पत्रावळींचा गठ्ठा घेऊन सोनीबाई दारात आली. सोनीबाई नाल्यापलीकडच्या गोंडांच्या वस्तीतली, गोंडटोल्यातली. आख्ख्या गावाच्या पत्रावळी तीच टाचायची. तुटक्या पानांचा ढीग बघून ती खो खो हसली.

"पान आधी नरम कर ना, बाई. मोहाचं पान बी कडक झालं तं टाचता येते का?"

दुसऱ्या दिवशी सुगंधाबाई गड्डे पदरात घेऊन तिच्या टोल्यावर गेली. दोघींनी पानं वाफेवर धरली, शिरा विळ्यानं तासल्या. आत तांदळाची भिजवलेली कनकी, वाटलेली लाखोरीची डाळ, लसूण, हिरवी मिरची आणि मूठभर सांभार, म्हणजे कोथिंबीर. पान गुंडाळलं की सोनीबाई पत्रावळीचीच बांबूची काडी त्यात खोवायची. गंजाच्या पातेल्यात तळाशी धानाची ओली तणस अंथरून त्यावर वड्या वाफवल्या. आणि तिथेच, सोनीबाईच्या अंगणात बसून, दोघींनी पोटभर खाल्ल्या.

परत आल्यावर विहिरीवर तिनं स्वतःच सगळ्यांना सांगितलं. लपवायचं असतं हे तिच्या डोक्यातच नव्हतं.

जातीच्या पंचांचे मुख्य देवाजी. ते माझे सासरे, मी त्या घरात नवी सून. त्यांना वाटे, आपण डोळा मिटला तर गावाची रीत बुडेल. पंच बसले. गोंडाच्या घरचं शिजवलेलं खाल्लं, तेव्हा सुगंधाबाईनं साऱ्या जातीला चूलबंद जेवण द्यावं आणि पंगतीपुढे हात जोडून 'चुकली' म्हणावं, असं ठरलं. नाही दिलं तर तिच्या घरचं पाणी कुणी पिणार नाही. म्हणजे कमळाच्या लग्नाला कुणी येणार नाही, आणि मुखरू कितीही भला असला तरी जातीशिवाय सून नेणार नाही.

"जेवण देतो, देवाजीभाऊ," सुगंधाबाई म्हणाली. "गावाले जेवू घालाले मी कधी नाई म्हटलं? पण चुकली म्हणाची नाई."

कमळा रडली. "माय, एवढा शब्द म्हण ना."

"रडू नको. तू मानानं जाशील, नाई तं मी तुले घरीच ठेवीन."

मला तेव्हा तिचा रागच आला. पोरीच्या जन्माचा प्रश्न आणि हिला एक शब्द बोलवत नाही!

चूलबंद जेवण म्हणजे त्या दिवशी कुणाच्या घरी चूल पेटवायची नाही. सकाळपासून गावभर धूर नाही, पोरं भुकेनं किरकिरत होती, आणि सुगंधाबाईच्या अंगणातून लसणाचा वास सुटलेला. पंगत बसली. पहिल्या ओळीत सासरे, त्यांच्या शेजारी मुद्दाम बोलावलेला मुखरू. भात, वरण आणि प्रत्येक पत्रावळीवर दोन-दोन हिरव्या गुंडाळ्या, काडी खोवलेल्या.

"बोल," सासरे म्हणाले.

सुगंधाबाईनं हात जोडले नाहीत. तिनं आतल्या दाराकडे हाक मारली आणि सोनीबाई पदराला हात पुसत बाहेर आली.

"ह्या वड्या हिनं आन मी मिळून केल्या. आधी सांगतो, मंग म्हणाल फसवलं. मी हिच्या घरी खाल्लं, उद्या बी खाईन. तुमच्या पुढं जे पान हाय ते बी हिनंच टाचलं. हिच्या हाताच्या पानावर तुमी जन्मभर जेवून राह्यले. त्या पानावर भात चालते, मंग ह्या पानातला भात काऊन नाई चालत?"

सासऱ्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते ताडकन उठले आणि चालू लागले. उरलेले मुखरूकडे बघू लागले. मुखरूनं खाली पत्रावळीकडे पाहिलं, गुंडाळीतली काडी उपसून बाजूला ठेवली आणि घास घेतला.

"मिरची जोरात हाय, बाई," तो म्हणाला आणि दुसरी उचलली.

मग काय, सकाळपासूनची भूक! अंगणभर काड्या उपसल्या जाऊ लागल्या.

मी सासऱ्यांच्या मागोमाग घरी गेले. ते ओसरीवर बसले होते, चेहरा लाल.

"सूनबाई, भाकर टाक."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यासमोर मान वर केली. "आज चूलबंद हाय, मामाजी. तुमीच गावाले सांगतलं. मी चूल पेटवली तं रीत मोडते."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. पण मी चुलीकडे गेले नाही. शेवटी त्यांनी खांद्यावर दुपट्टा टाकला आणि आले त्याच वाटेनं परत गेले, मी मागोमाग.

पंगत उठत आली होती. ते ओळीच्या टोकाला, पोराटोरांजवळ बसले. सुगंधाबाईनं वाढायचं भांडं सोनीबाईच्या हातात दिलं आणि स्वतः कमरेवर हात ठेवून उभी राहिली. सोनीबाईनं दोन वड्या वाढल्या. सासऱ्यांनी काडी काढली, खाल्लं आणि ते पाणी प्यायले. गेलेला मान थोडा तरी सावरावा म्हणून घसा खाकरून म्हणाले,

"सुगंधा, लगनाची तारीख सांग. पंच येतीन."

"ते मले नोका विचारू, भाऊ. सोनीबाईले विचारा," सुगंधाबाई म्हणाली. "ती पत्रावळी कधी देते, तवाच लगन."